जुना फ्रेंच चषक: छाप वाचणं, उघडणं, धुणं आणि पुन्हा जोडणं

मिस्सेचा, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या उपासनेचा, जुना फ्रेंच चषक हाती आला की बहुतेक जण सगळ्यात आधी तो घासायला घेतात. मग धातूवर मारलेले छाप शोधतात, आणि उघडून पाहायचं तर बहुधा राहूनच जातं. हा क्रम नेमका उलटा आहे. तो चुकतो, कारण चषकाला एक भांडं समजलं जातं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चषक म्हणजे चार-पाच सुटे भाग असतात: वर वाटी, वाटीला बाहेरून बसवलेली नक्षीदार खोळ, मग दांडा, दांड्याच्या मध्यावर गाठ आणि खाली पसरट बैठक. हे सगळे भाग आटे पाडलेल्या सळईवर ओवलेले आणि बैठकीच्या पोटात चाकीने आवळलेले असतात. वाटी चांदीची आणि बैठक पितळेची असू शकते. खोळ चांदीची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा असू शकतो. म्हणून छाप वाचताना, वजन करताना आणि साफ करताना प्रत्येक भाग वेगळा धरायचा.

खालची माहिती चषक आणि त्याच्यावर झाकायची तबकडी, म्हणजे पॅटेन, यांच्यासाठी आहे. सिबोरियम (ख्रिस्तप्रसाद ठेवायचं झाकणाचं पात्र) आणि मॉन्स्ट्रन्स (ख्रिस्तप्रसाद दर्शनाला मांडायचं किरणांचं पात्र) यांना काय वेगळं लागतं ते शेवटाकडे येईल.

सामान

१० पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, बिनपावडरचे नायट्राइल हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, गंध-रंग नसलेला सौम्य द्रव साबण, कापूस, बांबूच्या काड्या, मऊ सुती कापड, बारीक तंगूस, हलकं मशीनचं तेल आणि केमिस्टकडे मिळणारी प्रेसिपिटेटेड चॉक पावडर. रबरी हातमोजे नकोत. रबरात गंधक असतो आणि चांदी काळी पडते ती गंधकानेच.

१. हात लावण्याआधी: वस्तू कोणाची?

फ्रान्समध्ये ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन वेगळे झाले. तेव्हा गावच्या चर्चमध्ये जे साहित्य होतं ते साधारणपणे नगरपालिकेच्या मालकीचं झालं आणि कॅथेड्रलमधलं सरकारच्या. ही सार्वजनिक मालमत्ता विकता येत नाही, आणि कितीही वर्षं दुसऱ्याच्या कपाटात राहिली तरी ती त्याची होत नाही. म्हणून विकत घेण्याआधी दोन ठिकाणी शोध घ्या. एक, फ्रेंच संस्कृती मंत्रालयाची ‘पालिसी’ ही यादी. ती ऑनलाइन आहे आणि संरक्षित जंगम, म्हणजे हलवता येणाऱ्या, वस्तूंची आहे. दुसरी, इंटरपोलची चोरीच्या कलावस्तूंची नोंद. ती ‘आयडी-आर्ट’ या मोबाइल अ‍ॅपवरही पाहता येते. शोधताना ‘कालीस’ (चषकाचा फ्रेंच शब्द) एवढाच शब्द टाकला तर हजारो नोंदी येतील. उंची, कारागीर आणि बैठकीवरची चित्रं यांवरून गाळत जा.

वस्तू भारतात असेल आणि १०० वर्षांहून जुनी असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवा. खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. महाराष्ट्रात अशी भांडी निघणं अशक्य नाही. नागपूरचं मिशन एकोणिसाव्या शतकात सॅव्हॉय प्रांतातल्या आनेसीहून आलेल्या धर्मगुरूंनी चालवलं, आणि सॅव्हॉय १८६० मध्ये फ्रान्सला जोडला गेला.

चषक अजून वापरात असेल किंवा थेट चर्चमधून आला असेल, तर धुण्याआधी फादरना विचारा. आत पवित्र द्राक्षारसाचा अंश असेल तर पहिलं पाणी ते स्वतः काढतात; ते मोरीत जात नाही.

२. फोटो, माप, वजन

आहे त्या अवस्थेत, काळपटपणासकट फोटो काढा: चारही बाजू, बैठकीचं पोट, वाटीची कड, तबकडीच्या दोन्ही बाजू. उंची, बैठकीचा व्यास, वाटीचा व्यास आणि एकूण वजन लिहा. बैठकीच्या पोटात दात्याचं नाव, वर्ष किंवा दीक्षाविधीची आठवण कोरलेली असते, ती अक्षर न् अक्षर उतरवून घ्या. बैठकीवर एके ठिकाणी क्रूस असतो, कोरलेला किंवा वेगळा बसवलेला. ती चषकाची पुढची बाजू. क्रूसाच्या थेट वर वाटीवर किंवा गाठीवर कोणतं चित्र येतं ते फोटोत स्पष्ट दिसू द्या. जोडताना हाच फोटो लागतो.

३. छाप वाचणं

छाप साबणाने पुसू नका आणि टाचणीने कोरूही नका. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, दिवा आडवा धरा आणि भिंग डोळ्याला टेकवून वस्तू जवळ आणा. शोधायच्या जागा: वाटीची बाहेरची कड, खोळीची कड, बैठकीचा उभा काठ, तबकडीचा काठ. आणखी एखादा छाप खोळीखाली दडलेला असतो. तो उघडल्यावरच दिसेल. म्हणून हा टप्पा दोनदा करायचा असतो.

फ्रेंच छाप दोन प्रकारचे. एक सरकारी, म्हणजे धातूच्या कसाची हमी. दुसरा कारागिराचा.

सरकारी छाप: १७९७ च्या कायद्याने चांदीचे दोन दर्जे ठरले, पहिला ९५० (हजार भागांत ९५० भाग चांदी) आणि दुसरा ८००. त्यानंतर १८१९ पर्यंत कोंबड्याचा छाप होता, शेजारी १ किंवा २ आकडा. १८१९ ते १८३८ म्हाताऱ्याच्या डोक्याचा. १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं, उजवीकडे तोंड केलेलं, आठ कोनांच्या चौकटीत. बाजारात येणारे बहुतेक चषक याच काळातले असतात.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. मिनर्व्हा दिसली की लोक ९५० लिहून मोकळे होतात. पण मिनर्व्हा दोन्ही दर्जांना आहे. कपाळासमोर वरच्या बाजूला १ असेल तर ९५०. हनुवटीखाली २ असेल तर ८००. आकडा झिजून दिसेनासा झाला असेल तरी तो कुठे होता हे पुष्कळदा कळतं: कपाळासमोर उंचवटा आहे की हनुवटीखाली, तेवढं पाहा. तेही ठरत नसेल तर ‘चांदी, मिनर्व्हा छाप’ एवढंच लिहा.

लहान वस्तूंवर, जसं की तेलाच्या कुप्या किंवा आजाऱ्याकडे ख्रिस्तप्रसाद न्यायची डबी, मिनर्व्हाऐवजी १८३८ पासून पॅरिसमध्ये रानडुकराचं डोकं आणि इतर प्रांतांत खेकडा येतो. या दोन छापांवरून दर्जा कळत नाही. किमान ८०० आहे एवढंच म्हणता येतं. हंसाचा छाप १८९३ पासूनचा. वस्तूचं मूळ ठाऊक नसेल तेव्हा तो मारला जातो. चषकावर हंस दिसला म्हणजे तो फ्रेंचच आहे असं नाही.

कारागिराचा छाप: १७९७ नंतर तो शंकरपाळ्याच्या आकाराचा, आत आद्याक्षरं आणि एक छोटं चिन्ह. पॅरिसचे पूसिएल्ग-रुझां आणि फ्रोमां-मरीस, लियॉंचे आर्मां-कालिया आणि फाव्हिए ही धार्मिक कामातली मोठी नावं. आद्याक्षरं जुळली म्हणून नाव जुळलं असं नाही. मधलं चिन्हही जुळलं पाहिजे. आणि चौकट शंकरपाळ्याऐवजी चौरस असेल तर ती मुलाम्याची किंवा पत्रा चढवलेली वस्तू आहे. चौकटीत अक्षरं कितीही सुबक असली तरी ती घन चांदी नव्हे.

तपासा: मिनर्व्हा छापाच्या बरोबर मागच्या बाजूला भिंगातून पाहा. छाप मारताना वस्तूखाली जी ऐरण धरत, तिच्यावर बारीक किडे कोरलेले असत, आणि हातोडीच्या ठोक्याने ते मागे उमटत. मुलाम्यामुळे किंवा झिजेने ते पुसट होतात. पण छाप टवटवीत आणि मागची बाजू मात्र गुळगुळीत असेल, तर छाप दुसरीकडून कापून डाख दिलेला आहे का ते पाहा. छापाभोवती वेगळ्या रंगाची रेघ दिसली तर शंका पक्की.

जपून: १७८९ पूर्वीचा म्हणून कोणी चषक दाखवला तर दुप्पट वेळ द्या. क्रांतीच्या वर्षांत चर्चची चांदी मोठ्या प्रमाणावर टाकसाळीत वितळवली गेली, त्यामुळे त्याआधीचे चषक कमी आणि त्या नावाने विकले जाणारे भरपूर आहेत. जुन्या छापांची जुळणी शहर आणि वर्ष धरून करावी लागते; भिंग आणि अंदाज यांवर ती होत नाही.

४. उघडणं

चषक मऊ टॉवेलवर आडवा ठेवा. बैठकीच्या पोटात चाकी दिसेल, बहुधा चौकोनी किंवा दोन कानांची. चाकीच्या आट्यांवर तेलाचा एक थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी बैठक एका हाताने पक्की धरा आणि चाकी फिरवा. चाकीच फिरवायची, वाटी नाही.

हे दोनदा सांगायचं कारण असं. सळई वाटीच्या बुडाला डाख देऊन जोडलेली असते. वाटी पिळली की सगळा ताण त्या जोडावर येतो आणि सळई बुडासकट निखळते. शिवाय खोळीची नाजूक पानं वाटीबरोबर ओढली जाऊन वाकतात. अशी निखळलेली वाटी दुरुस्त करायची तर बुड तापवावं लागतं, म्हणजे आतला मुलामा गेलाच.

चाकी हलत नसेल तर पुन्हा तेल आणि पुन्हा एक दिवस. पक्कड लावायचीच असेल तर तिच्या दातांना चामडं गुंडाळा. सळई लोखंडी असून गंजाने फुगली असेल तर थांबा, हे काम धातूचं जतन करणाऱ्या माणसाचं आहे.

चाकी निघाली की भाग वरून एकेक उचला आणि ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा. मधल्या पातळ चकत्या फेकू नका. त्यांच्याशिवाय गाठ सैल बसते. भागांच्या आतल्या काठावर कानशीने पाडलेल्या खाचा किंवा टिंबं दिसली तर त्यांचा फोटो घ्या. जोडणी कशी बसवायची याच्या त्या कारागिराच्या खुणा आहेत.

जपून: आटे हाताने पाडलेले असतात. आजचा बाजारातला नट त्याला बसत नाही. जबरदस्तीने बसवला तर जुने आटे खातो. चाकी हरवली असेल तर त्याच सळईवरून नवी करून घ्या.

आता छाप दुसऱ्यांदा शोधा: वाटीच्या बुडावर, खोळीच्या आत, बैठकीच्या आतल्या काठावर. प्रत्येक भागासमोर कोणता छाप सापडला ते लिहा. वाटी आणि तबकडीवर मिनर्व्हा, आणि दांडा, गाठ, बैठक मात्र कोरी, असं चित्र वारंवार दिसतं. याचा अर्थ बनवाबनवी नव्हे. प्रसादाला स्पर्श होतो ती वाटी आणि तबकडी चांदीची, बाकी सोन्याचा मुलामा दिलेलं पितळ, असे स्वस्त चषक कारखान्यांनी राजरोस बनवले. पण संपूर्ण वजन चांदीच्या भावाने लावलं की फसगत होते, ती विकणाऱ्याने केली असो वा घेणाऱ्याने स्वतःच ओढवून घेतलेली. वाटीवर एक शंकरपाळा आणि तबकडीवर दुसराच असेल, तर जोडी नंतर जुळवलेली आहे.

५. धातू तपासणं

कानस मारून टंच काढू देऊ नका. कसोटीचा दगड आणि तेजाब दोन्ही नकोत. दोन बिनधोक वाटा आहेत.

पहिली, पाण्याची. पातेल्यात पाणी घेऊन काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. सुटा, कोरडा भाग आधी तोला. मग तो तंगुसाने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आता काटा दाखवतो ते हटलेल्या पाण्याचं वजन. भागाच्या वजनाला त्याने भागा.

समजा वाटी १८२ ग्रॅमची आणि पाण्यात काट्यावर १७.५ आले. भागाकार १०.४, म्हणजे ९५० चांदीचा आकडा. ८०० चांदीचा १०.१ च्या आसपास येतो. बैठक ४१० ग्रॅम आणि काट्यावर ४८ आले तर भागाकार ८.५, म्हणजे पितळ. चांदी की पितळ हे या रीतीने पक्कं कळतं. ९५० की ८०० हे मात्र कळत नाही, कारण वाटीला चिकटलेली पितळी सळई आकडा खाली ओढते. पोकळ गाठ, मिनाकाम किंवा खडे असलेला भाग पाण्यात घालू नका.

दुसरी वाट सराफाकडच्या एक्स-रे टंच यंत्राची. हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं. मुलाम्यावर धरलं तर सोनं आणि चांदीची अशी खिचडी दाखवतं की तिचा काही अर्थ लागत नाही. म्हणून वाटीचं बुड किंवा खोळीची आतली बाजू, जिथे मुलामा नाही, तिथे धरायला सांगा आणि चांदीचा प्रोग्रॅम लावायला सांगा. वाचनात पारा दिसला तर मुलामा जुन्या पाऱ्याच्या पद्धतीचा आहे. विजेने मुलामा देणं १८४० च्या दशकात सुरू झालं, तेव्हा तारीख ठरवायलाही हे उपयोगी पडतं.

जपून: पाऱ्याचा मुलामा असलेल्या भागावर कोणालाही फुंकणी किंवा टॉर्च धरू देऊ नका. उष्णतेने उरलेला पारा वाफ होऊन निघतो, आणि तो श्वासातून जातो.

६. धुणं

एका वेळी एकच भाग. कोमट डिस्टिल्ड वॉटरच्या वाटीत साबणाचे दोन-तीन थेंब पुरेत. कापूस भिजवून पिळा आणि पुसा. नक्षीच्या खाचांत बांबूच्या काडीला गुंडाळलेला कापूस. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याचा कापूस, लगेच कोरडं कापड. बुडवायची फक्त वाटी आणि तबकडी, तीही मिनाकाम नसेल तरच. पोकळ गाठीत बारीक भोकं असतात. पाणी आत जातं, बाहेर येत नाही, आणि वर्षभराने गाठीखालून हिरवा ओघळ दिसतो. गाठ हलवल्यावर आत पाणी वाजलं तर टीपकागदावर उभी करून थंड हवेचा पंखा लावा. हेअर ड्रायरची गरम हवा नको, आत जुनी लाख किंवा राळ भरलेली असू शकते.

७. चांदी उजळणं, मुलाम्याला हात न लावता

आधी कुठे चांदी उघडी आहे आणि कुठे मुलामा, हे नीट पाहून ठरवा. मुलाम्यावरचा काळपटपणा हा सोन्याचा दोष नसतो. मुलामा काही मायक्रॉनचा असतो, त्याच्या छिद्रांतून खालच्या चांदीचा गंधकाशी झालेला संयोग वर येतो. घासलं तर काळं जाईल, पण त्याच्याबरोबर सोनंही. मुलाम्यावर फक्त सहाव्या टप्प्यातलं धुणं, त्यापुढे काही नाही.

उघड्या चांदीसाठी चॉक पावडर डिस्टिल्ड वॉटरमध्ये दाट ताकासारखी कालवा. कापसाच्या बोळ्याने एकाच दिशेने हलकं फिरवा, बोळा काळा झाला की बदला. छापाच्या जागेवर फिरवू नका. खाचांतला काळेपणा सगळा काढू नका; त्यावरच नक्षी उठून दिसते. नंतर पावडर पाण्याच्या कापसाने पूर्ण पुसा, नाहीतर खाचांत पांढरी राहते.

नको असलेल्या गोष्टी: भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, चिंच, लिंबू आणि बुडवून काढायचं झटपट द्रावण. त्या द्रावणात आम्ल असतं. ते खोळीखाली आणि जोडांत शिरतं आणि धुऊन निघत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा कागद आणि सोडा घालून उकळण्याची युक्ती घरच्या ताटवाटीला चालेल. मुलामा, मिनाकाम किंवा मिश्र धातू असलेल्या वस्तूला नाही.

वाटीच्या आत हिरवट डाग असतील तर मुलामा झिजून खालचा धातू उघडा पडला आहे. चषक संग्रहात ठेवायचा असेल तर तसाच राहू द्या. मिस्सेत वापरायचा असेल तर आतला मुलामा हवा. तेव्हा फक्त सुटी वाटी मुलाम्याला द्या, अख्खा चषक नाही. मुलामा नवा केला म्हणून चषकाचं पावित्र्य जात नाही, हे १९१७ च्या चर्च कायद्याच्या कलम १३०५ मध्ये स्पष्ट होतं.

८. जोडणं

सगळे भाग पूर्ण कोरडे असले पाहिजेत. एक दिवस उघडे ठेवा. सळईच्या आट्यांवर तेलाचा नखाएवढा अंश. खाचा-टिंबं जुळवत, चकत्या मूळ जागी घालत ओवा. चाकी हाताने जाईल तेवढी आवळा, नंतर पाव फेरा. जास्त आवळली तर बैठकीचा पत्रा आत ओढला जातो आणि चषक डगमगतो.

तपासा: सपाट काचेवर ठेवा. डुलतो का? क्रूस पहिल्या फोटोतल्या जागी आला का? तबकडी वाटीवर न घसरता बसते का? क्रूस बाजूला सरकला असेल तर सैल करून फिरवा. आवळलेल्या चाकीवर पिळू नका.

९. सिबोरियम आणि मॉन्स्ट्रन्स

सिबोरियमचं झाकण वेगळा भाग धरा, त्याचा छाप वेगळा. झाकणावरचा क्रूस आट्यांवर असतो आणि पुष्कळदा तोच बदललेला असतो. मॉन्स्ट्रन्समध्ये ओस्त, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची पातळ भाकर, धरणारी चंद्रकोर चांदीची आणि छापाची असते, तर भोवतीचे किरण आणि बैठक मुलामा दिलेलं पितळ. चंद्रकोरीवरचा छाप पाहून सगळ्या मॉन्स्ट्रन्सला चांदी म्हणणं ही चूक लिलावाच्या यादीतही सापडते. किरण एकेक करून पुसा, मागच्या बाजूला बोटाचा आधार देऊन.

१०. ठेवणं

मूळ पेटी वेगळी जपा, पण चषक तिच्यात कायम ठेवू नका. जुनं मखमल आणि डिंक चांदीला काळं करतात. पेटीतलं लेबल विक्रेत्याचं असू शकतं, ते कारागिराचं नाव म्हणून लिहू नका. चषक आम्लविरहित कागदात, वर काळपटपणा रोखणारं कापड, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या आधी जेल तापवून कोरडं करा आणि पुन्हा गणपतीनंतर. रबरबँड, लोकरीचं कापड आणि वर्तमानपत्र डब्यात नको. प्रत्येक भागाचा छाप, वजन आणि भागाकार लिहिलेला कागद मात्र डब्याबाहेर, फोटोंसोबत.